मातीच्या रिपोर्टात लोह ३.१, मृगातल्या ढगात किती?

काळीकसदार
२७ डिसेंबर, सकाळी ७:१२

राम राम मंडळी. विषय जरा आडवातिडवा आहे, सांभाळून घ्या.

मागच्या आठवड्यात मातीचा रिपोर्ट आला. लोह ३.१, त्याच्यापुढं 'कमी' असं छापलेलं. त्याच रात्री हरभऱ्याले पाणी द्यायचं होतं. दिग्रसच्या इकडं आमच्या शिवारात सध्या लाईन रात्री बाराची, म्हणून मोटर चालू करून धुऱ्यावर शेकोटी पेटवून बसलो. संगं पुतण्या होता. पोरगं यवतमाळले बीएस्सी करते, कोणाची तरी दुर्बीण मागून आणली होती त्यानं. मृग डोक्यावर आलेला. त्याच्या पोटात जो बाण आहे, त्याच्या खाली तीन बारक्या चांदण्या दिसतात. मधलीवर दुर्बीण धर म्हणे. धरली. तव्यावर पीठ उडाल्यासारखा पांढरट डाग, बस.

पोरगं म्हणते, काका, हा ढग आहे, यात तारे जन्मतात. अन् यात ऑक्सिजन किती, निऑन किती, गंधक किती, सगळं मोजलेलं आहे. तेही अवरक्त किरणांनी, जे डोळ्याले दिसतच नाहीत.

मी म्हटलं, बाप्पा, माझ्या वावरातली अर्धा किलो माती पिशवीत भरून प्रयोगशाळेत न्यावी लागली, तवा कुठं लोह समजलं. तिथून पिशवी कोणं आणली? पोराले पुढचं सांगता आलं नाही. तुमच्यापैकी कोणाले माहीत असंल तर सांगा, पण मले समजंल असं सांगा.


कोंढाळीकर
२७ डिसेंबर, सकाळी ८:०५

पिशवी नाही भाऊ, उजेड आणला. पण मी अर्धवट सांगून घोळ करण्यापेक्षा थांबतो. इथं एका ताईंचा हाच धंदा आहे. धुळीमागची, कुठं आहात?


मातीवाला
२७ डिसेंबर, सकाळी १०:२०

त्या येईपर्यंत मी आमच्या बाजूचं सांगतो. चौदा वर्षं झाली माती तपासण्यात.

काळीकसदार भाऊ, तुमची पिशवी आली तरी लोह काही आम्ही वजनकाट्यावर मोजत नाही. आम्हीसुद्धा उजेडच मोजतो. माती डीटीपीए नावाच्या रसायनाच्या द्रावणात हलवायची, गाळायची, ते गाळलेलं पाणी बारीक फवाऱ्यानं ज्योतीत सोडायचं. ज्योतीतून लोहाच्या दिव्याचा उजेड आरपार जातो. द्रावणात लोह जितकं, तितका उजेड गिळला जातो. पोटॅशसाठी तर दिवाही लागत नाही. ज्योतीत गेलं की पोटॅशियम स्वतःच तांबूस-जांभळं चमकतं, ती चमक मोजली की झालं.

म्हणजे तुमचा ३.१ हा आकडा उजेडातूनच आलेला आहे. ढगाचं तसंच काहीतरी असणार.


धुळीमागची
२७ डिसेंबर, दुपारी २:३५

आले, आले. सकाळपासून तिघांनी मेसेज करून धाग्यावर पिटाळलंय.

काळीकसदार दादा, माझं माहेर पुसदचं, म्हणजे तुमच्या शेजारचंच. आता पुण्यात असते, आणि असल्या ढगांचे वर्णपट, म्हणजे उजेड रंगारंगांत पसरवल्यावर त्यात दिसणाऱ्या रेषा, वाचणं हेच पोटापाण्याचं काम. आधी एक गंमत सांगते. आमच्याकडे हायड्रोजन आणि हेलियम सोडून जे काही उरतं ते सगळं 'धातू'. ऑक्सिजन धातू, निऑनसुद्धा धातू. रसायनवाल्या मैत्रिणी यावरून अजून भांडतात.

मातीवाला दादांनी पोटॅशची ज्योत सांगितली, तिथूनच पुढे जाऊ. मृगातला तो ढग म्हणजे आधीच पेटलेली ज्योत आहे. त्या पुसट डागाच्या आत चार ठळक ताऱ्यांचं टोळकं आहे. त्यातला सर्वांत दांडगा तारा पृष्ठभागावर ४० हजार अंशांच्या आसपास तापलेला. त्याच्या अतिनील किरणांनी आजूबाजूच्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन उडतात. हे सुटे इलेक्ट्रॉन ऑक्सिजन, निऑन, गंधक यांच्या आयनांवर, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंवर, आपटतात. धक्का बसला की आयन एक पायरी वर चढतो, आणि खाली उतरताना ठरावीक तरंगलांबीचा उजेड सोडतो. प्रत्येक आयनाची तरंगलांबी वेगळी. त्यावरून कोण आहे ते कळतं, आणि रेष किती ठळक आहे त्यावरून किती आहे ते.

'कोण आहे' यावरूनच केवढा घोळ झाला होता पहा. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला. हिरव्या रंगातली रेष पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. पुढे लोकांनी 'नेब्युलियम' नावाचं नवं मूलद्रव्यच कल्पून टाकलं. साठ-एक वर्षं ते कोडं सुटलं नाही. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवलं की हा आपला ऑक्सिजनच आहे, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. प्रयोगशाळेत ती रेष दिसत नाही, कारण इथे आयन उतरायच्या आत दुसरा कण येऊन त्याला धडकतो. ढग इतका विरळ की एका घन सेंटिमीटरमध्ये काही हजार कण. आपण श्वासात घेतो त्या हवेत तेवढ्याच जागेत २७ वर अठरा शून्यं इतके रेणू असतात. तिथे आयनाला सवड आहे. ऑक्सिजनची ८८ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एक अवरक्त रेष आहे. ती सोडण्याआधी आयन वरच्या पायरीवर सरासरी दहा तास बसून असतो.

आता खरी अडचण. पुढचं रात्री लिहिते, कुकरच्या शिट्ट्या झाल्या.


निंबाखाली
२७ डिसेंबर, दुपारी ३:५०

दहा तास! आमच्या तालुक्याच्या कचेरीत फाईल बसते तशी.


धुळीमागची
२७ डिसेंबर, रात्री ९:१५

हां. तर अडचण ही, की उजेड जास्त दिसला तर माल जास्त आहे, की चूल जास्त तापलेली आहे?

ती हिरवी रेष सोडण्यासाठी आयनाला बऱ्याच उंच पायरीवर चढावं लागतं. ओट्यावर उडी मारायला दमदार गडी लागतो, तसा तिथे दमदार इलेक्ट्रॉन लागतो. ढगाचं तापमान ८ हजारावरून १० हजार अंशांवर गेलं, तर ऑक्सिजन तेवढाच असूनही हिरवी रेष जवळपास दुप्पट होते. तापमान मोजण्यासाठी आम्ही ४३६.३ नॅनोमीटरची एक अगदी फिकट रेष वापरतो. ती तर तेवढ्याच फरकानं चौपट होते. म्हणजे तापमानात थोडी चूक झाली की ऑक्सिजनचा आकडा पार घसरला. त्यात ढग सगळीकडे सारखा तापलेला नसतोच. आणि जिथे धातू जास्त तिथे ढग थंड राहतो, कारण याच रेषांतून उष्णता बाहेर पडते. ती फिकट रेष अशा ठिकाणी हाताला लागतच नाही.

अवरक्तातल्या रेषा बुटक्या पायऱ्यांच्या. निऑनची १२.८१ मायक्रॉनची रेष घ्या. ओट्यावर नाही, उंबरठ्यावर पाय ठेवायचा आहे, ढगातला जवळजवळ प्रत्येक इलेक्ट्रॉन तेवढा धक्का देऊ शकतो. ८ हजार असो की १० हजार, त्या रेषेत दहा टक्क्यांच्या आतच फरक पडतो. चूल किती तापली हे नीट माहीत नसलं तरी माल मोजता येतो. अवरक्ताकडे आम्ही धावतो ते मुख्यतः यासाठी.

दुसरं कारण माझ्या टोपणनावात आहे. तारे जन्मतात तिथे धूळ फार. आपल्या आकाशगंगेच्या केंद्राकडून निघालेल्या दृश्य प्रकाशाचा लाख कोटींत एखादा कण आपल्यापर्यंत येतो. १२.८१ मायक्रॉनचा मात्र चौथा-पाचवा हिस्सा तरी पोचतो. वावटळीत समोरचा माणूस दिसत नाही, पण उन्हाची धग लागतेच ना, थोडं तसं. यातही एक खोच आहे. धुळीतलं वाळूच्या जातीचं द्रव्य ९.७ मायक्रॉनच्या आसपास बराच उजेड खातं, त्यामुळे गंधकाची १०.५१ची रेष वाचताना सांभाळावं लागतं.


हिशेबी
२७ डिसेंबर, रात्री १०:०२

ताई, एक शंका. तुम्ही निऑन मोजता तो हायड्रोजनच्या तुलनेत, बरोबर? मग हायड्रोजनची रेषही तापमानानं बदलत असेल. तुमचे दहा टक्के नुसत्या निऑनचे झाले.


धुळीमागची
२७ डिसेंबर, रात्री १०:२०

पकडलंत. हायड्रोजनच्या रेषा इलेक्ट्रॉन परत चिकटताना निघतात, आणि चूल तापली की चिकटणं कमी होतं. ८ हजार ते १० हजार या टप्प्यात त्या १८-२० टक्क्यांनी उतरतात. निऑनची रेषही थोडी उतरते, त्यामुळे गुणोत्तरातला फरक दहा-पंधरा टक्के धरा. मघाशी सोपं करण्याच्या नादात मी ते गाळलं. तरी 'दुप्पट-चौपट'पुढे हे काहीच नाही.


काळीकसदार
२८ डिसेंबर, सकाळी ६:४०

ताई, ओटा अन् उंबरठा एकदम डोक्यात बसलं. पुतण्याले वाचून दाखवलं तर म्हणते, आमच्या सरांनीही असं नाही सांगितलं. आता आकडा सांगा ना. किती आहे मग?


धुळीमागची
२८ डिसेंबर, दुपारी १:१०

मृगातल्या त्या ढगात दर दहा हजार हायड्रोजन अणूंमागे निऑनचा साधारण एक. स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीच्या मोजणीतून हाच आकडा निघाला. ऑक्सिजन दहा हजारांमागे तीन ते पाच, पद्धतीनुसार. गंधक निऑनच्याही दहाव्या हिश्शाहून कमी.

निऑनवर माझा सर्वांत जास्त भरवसा, आणि त्याचं कारण मातीवाला दादांना लगेच पटेल. ढगात निऑन बहुतेक दोन रूपांत असतो, एक इलेक्ट्रॉन गमावलेला आणि दोन गमावलेला. पहिल्याची रेष १२.८१ला, दुसऱ्याची १५.५६ला. दोन्ही दिसतात, बेरीज केली की झालं. वर निऑन कोणाशी संसार थाटत नाही, त्यामुळे धुळीच्या कणांत अडकून बसत नाही. ऑक्सिजनचं तसं नाही. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन ५२ आणि ८८ मायक्रॉनला दिसतो, पण एकच गमावलेल्याला अवरक्तात रेषच नाही. तो वाटा अंदाजानं किंवा दृश्य प्रकाशातून भरावा लागतो. गंधकाचे तीनपैकी दोन भाऊ दिसतात, तिसरा घरात.


मातीवाला
२८ डिसेंबर, दुपारी २:००

पटलं, अगदी पटलं. आमचं दुखणंही हेच. रिपोर्टात लोह ३.१ म्हणजे किलोमागे ३.१ मिलिग्रॅम, आणि ४.५ च्या खाली गेलं की आम्ही 'कमी' लिहितो. पण तुमची काळी माती बेसाल्टची. तिच्यात एकूण लोह शेकड्याला काही टक्के असतं. लोहाच्या ढिगावर उभं राहून सोयाबीन पिवळं पडतं, कारण चुनखडी आणि जास्त सामू असलेल्या जमिनीत ते लोह पिकाला मिळत नाही. डीटीपीए फक्त पिकाला मिळेल तेवढंच ओढतं. शेतकरी विचारतो, लोह आहे की नाही? काय सांगू, आहे पण आणि नाही पण.

ताई, ढगात लोहाचं काय?


धुळीमागची
२८ डिसेंबर, दुपारी २:४५

तीच गत! मृगातल्या ढगात वायूरूपात दिसणारं लोह असायला हवं त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आहे. बाकीचं धुळीच्या कणांत गोठलेलं. नुसता वायू मोजून 'इथे लोह कमी' असं लिहिणारा तुमच्या सोयाबीनसारखाच फसेल. काळीकसदार दादांच्या मथळ्यातल्या प्रश्नाला म्हणूनच मी सरळ आकडा दिला नाही.

एका बाबतीत मात्र तुमचा हेवा वाटतो. तुम्ही यंत्राला आधी माहीत असलेलं द्रावण दाखवता, एक पीपीएम, दोन पीपीएम, मग नमुना. आमच्याकडे प्रमाणित ढगाची बाटली नाही. इलेक्ट्रॉन आदळला तर आयन वर चढण्याची शक्यता किती, हे बहुतांशी पुंजभौतिकीच्या गणितातून काढतात, आणि नवीन गणित आलं की जुने सगळे आकडे थोडे हलतात.


आडमुठा
२८ डिसेंबर, सायंकाळी ५:३०

चांगलं चाललंय, पण एक विचारतो. ऑक्सिजन 'तीन ते पाच, पद्धतीनुसार'? माझ्या कापसाचं वजन एका काट्यावर तीन क्विंटल अन् दुसऱ्यावर पाच भरलं तर मी काटेवाल्याची गचांडी धरीन. तुम्ही कोणाची धरता?


धुळीमागची
२८ डिसेंबर, रात्री ८:५०

हे भांडण आमच्यात कित्येक दशकं चालू आहे. इलेक्ट्रॉनच्या धक्क्यानं निघणाऱ्या रेषा एक आकडा देतात. इलेक्ट्रॉन परत चिकटताना निघणाऱ्या ऑक्सिजनच्या अतिफिकट रेषा जास्त आकडा देतात, पुष्कळदा दुपटीच्या आसपास. १९६७ मध्ये मान्वेल पेइम्बेर्त यांनी मांडलं की ढगात तापमानाचे चढउतार असतील, तर धक्क्याच्या रेषा तापलेल्या कोपऱ्यांचंच ऐकवतात, आणि सरासरी तापमान आहे त्याहून जास्त वाटून माल कमी भरतो.

इथे अवरक्त पंच म्हणून बसतं, कारण त्याला चुलीशी घेणंदेणं नाही. मार्केरियन ७१ या, दुसऱ्या आकाशगंगेतल्या ढगावर हा प्रयोग झाला. हर्शेल आणि सोफिया या दुर्बिणींनी घेतलेल्या ८८ आणि ५२ मायक्रॉनच्या रेषा दृश्य रेषांच्या शेजारी ठेवल्या. २०२३ मध्ये निकाल आला. अवरक्ताचा आकडा दृश्य धक्क्याच्या रेषांशी जुळला, म्हणजे त्या ढगात तरी चढउताराचं कारण लागू पडलं नाही. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटानं बऱ्याच ढगांच्या नोंदी एकत्र करून चढउतार आहेत असं म्हटलं. तेव्हा सध्या दोन्ही काटेवाले आपापल्या दुकानात बसलेत. मला विचाराल तर माझं पारडं अवरक्ताकडे झुकतं, पण मी त्याचंच खाते, त्यामुळे माझी साक्ष धरू नका.


चिखलदऱ्याची थंडी
२८ डिसेंबर, रात्री ९:३०

हे अवरक्त इथून, जमिनीवरून दिसतं का? मागच्या हिवाळ्यात पेंचला गेलो होतो. जानेवारी २०२४ मध्ये ते देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं, त्या निमित्तानं. सिल्लारीच्या बाजूला आकाश असं की आकाशगंगेच्या उजेडात वाट दिसेल. तिथं मोठी दुर्बीण लावली तर?


धुळीमागची
२८ डिसेंबर, रात्री १०:१०

डोळ्यांच्या खगोलासाठी पेंच उत्तम, पण अवरक्ताचा वैरी रस्त्यावरचा दिवा नाही, हवेतली वाफ आहे. ८ ते १३ मायक्रॉनच्या दरम्यान वातावरणात एक खिडकी आहे, त्यातून निऑनची १२.८१ची रेष उंच कोरड्या डोंगरावरून मिळते. १५.५६ची नाही, ती कार्बन डायऑक्साइड खातो, तोच तो पृथ्वी तापवणारा पट्टा. ५२ आणि ८८ तर विसराच. शिवाय या तरंगलांबीला दुर्बीण स्वतःच चमकते. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश असताना पत्रा, भिंत, माणूस सगळेच ९-१० मायक्रॉनच्या आसपास उजळलेले असतात. दिवसा ढवळ्या काजवा शोधण्यातला प्रकार.

म्हणून वर जावं लागतं. सोफिया म्हणजे बोइंग ७४७ विमानाच्या कुशीला दार पाडून बसवलेली अडीच मीटरची दुर्बीण. ती ३८ ते ४५ हजार फुटांवरून पाहायची, २०२२ मध्ये बंद झाली. स्पिट्झर अवकाशात होती, आणि तिचा वर्णपटमापक २००९ मध्ये द्रव हेलियम संपेपर्यंत चालला. आता जेम्स वेब आहे, पण तिचं यंत्र २८ मायक्रॉनच्या अलीकडेच थांबतं. ५२-८८साठी सध्या अवकाशात कोणीच नाही, आणि हे मला फार खटकतं.

आणि हो, आपल्या जवळचंच एक सांगते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं हैदराबादहून फुग्याला एक मीटरची दुर्बीण बांधून बहुतेक हवा खाली राहील इतक्या उंचीवर पाठवलेली आहे. जपानी वर्णपटमापक लावून तिनं कार्बनची १५८ मायक्रॉनची रेष तारे जन्मणाऱ्या ढगांत मोजली. ती रेष ढगाच्या कडेच्या थंड भागातून जास्त येते, त्यामुळे माझ्या धातूंच्या हिशेबात ती थेट बसत नाही, पण एका फुग्यानं केलेलं काम म्हणून मला तिचं भारी कौतुक.


निंबाखाली
२८ डिसेंबर, रात्री १०:४०

एवढी दुर्बीण माझ्या तुरीत उतरली तर नुकसानभरपाई कोणत्या रकान्यात भरायची?


मातीवाला
२९ डिसेंबर, सकाळी ९:००

काळीकसदार भाऊ, ढग झाला, आता जमिनीवर या. तुमचा पूर्ण रिपोर्ट टाका इथं. मला त्यात काहीतरी बघायचं आहे.


काळीकसदार
२९ डिसेंबर, सकाळी ९:४५

सामू ८.१, सेंद्रिय कर्ब १.३ टक्के, जस्त १.९, लोह ३.१. बाकी पोटॅश भरपूर लिहिलं आहे.


मातीवाला
२९ डिसेंबर, सकाळी १०:०५

कर्ब १.३? आपल्या काळ्या जमिनीत अर्धा टक्का आला तरी आम्ही खुश होतो. जस्तही जरा जास्तच वाटतं. खरं सांगा, नमुना कुठून घेतला?


काळीकसदार
२९ डिसेंबर, सकाळी १०:३०

आता लपवून काय. धुऱ्याजवळून. निंबाखाली. मागच्या उन्हाळ्यात शेणखताच्या दोन ट्रॉल्या तिथंच उतरवल्या होत्या. तिथली माती भुसभुशीत होती, लवकर खणली गेली म्हणून घेतली.


निंबाखाली
२९ डिसेंबर, सकाळी १०:३३

माझं नाव कशाला मधात घेता राजेहो.


धुळीमागची
२९ डिसेंबर, दुपारी १२:२०

हसू नका कोणी, आम्हीही धुऱ्याजवळचीच माती घेतो. स्पिट्झरमध्ये उजेड वर्णपटमापकात घेणाऱ्या फटी असतात, त्यातल्या एकीची लांबी ११ आर्कसेकंद. पौर्णिमेचा चंद्र १८०० आर्कसेकंदांचा, आणि मृगातला ढग त्याहूनही मोठा पसरलेला. फट लागते ती सर्वांत ठळक जागी, कारण तिथे रेष पटकन मिळते. भुसभुशीत माती! त्यात गंधकाच्या दोन रेषा, १८.७१ आणि ३३.४८, यांच्या गुणोत्तरावरून ढगाची घनता काढतात. पण पहिली येते बारक्या फटीतून आणि दुसरी येते मोठ्या फटीतून. दोन वेगळ्या आकाराच्या खड्ड्यांची माती एकाच पिशवीत. ते जुळवून घेण्यातच माझे सहा महिने गेले. पहिल्या वेळी जुळवणी चुकली तेव्हा ढगाची घनता अशी निघाली की वर्गातलं पोरही हसलं असतं, आणि ते बैठकीत सगळ्यांसमोर मांडून मोकळी झाले होते.


मातीवाला
२९ डिसेंबर, दुपारी १२:५०

भाऊ, परत घ्या. धुरा, विहीर, झाड, खताची जागा सोडून नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी. इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा, वीत-सव्वा वीत खोल, त्याच्या एका बाजूची माती वरपासून खालपर्यंत. सगळी एकत्र कालवा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं अर्धा किलो उरेपर्यंत. हरभरा उभा आहे, तर दोन ओळींच्या मधून घ्या. आणि आत्ताच पाणी दिलं आहे, वाफसा येऊ द्या.


काळीकसदार
१ जानेवारी, दुपारी ४:१५

वाफसा आला. पुतण्या सकाळपासून आठ जागी खुणा करून बसला आहे. म्हणते, सर्वांत हिरव्यागार ओळीजवळ खड्डा नाही घ्यायचा काका, ताईची फट तिथंच चुकली होती. एक राहिलं, माती भरायले घरी युरियाची रिकामी गोणी आहे, ती धुऊन चालंल का?


मातीवाला
१ जानेवारी, दुपारी ४:२०

नाही! कापडी पिशवी घ्या. अन् माती सावलीत वाळवा.